जुन्या ऑल-इन-वन मशीनच्या स्कॅनरसाठी मुक्त ड्रायव्हर: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

ऑफिस हलवताना मित्राने त्याचं जुनं लेझर मशीन मला देऊन टाकलं. प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन, फॅक्स, सगळं एकात. लॅनची केबल लावली आणि प्रिंट लगेच निघाली. झेरॉक्स तर मशीन आपलं आपण काढतं. स्कॅन मात्र लिनक्सवरून काही केल्या होईना. कंपनीच्या साइटवर लिनक्सचा ड्रायव्हर होता, पण ३२ बिटांचा. आजच्या सिस्टिमवर तो चढेचना, आणि सोर्स अर्थातच बंद. पुढचे तीनेक महिने रात्रीची जेवणं उरकली की मी त्या मशीनचं बोलणं ऐकत बसायचो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो.

कामापुरती सी भाषा, थोडं पायथन आणि आयपी पत्ता कशाला म्हणतात एवढं माहीत असलं की पुरे. कर्नलच्या वाटेला जावं लागत नाही. नेटवर्कवरच्या स्कॅनरचा ड्रायव्हर हा एक साधा प्रोग्रॅम असतो: सॉकेट (नेटवर्कवरून बोलायची खिडकी) उघडतो, काही बाइट पाठवतो, काही घेतो आणि त्यांचं चित्र करून देतो. आज्ञांची आणि फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची, हे सांगायला नकोच.

पहिली पायरी: ड्रायव्हर खरंच हवा आहे का ते बघा

गेल्या दशकभरातल्या बहुतेक मशीनना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ती ईएससीएल नावाच्या पद्धतीने बोलतात, म्हणजे साध्या एचटीटीपीवरून एक्सएमएल. तपासणं अगदी सोपं आहे. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी पत्ता टाका, त्यापुढे तिरकी रेघ, 'ईएससीएल', पुन्हा तिरकी रेघ आणि 'स्कॅनरकॅपॅबिलिटीज'. लहान-मोठी अक्षरं जशी ठरली आहेत तशीच हवीत: ईएससीएलमधला ई छोटा आणि पुढची तिन्ही मोठी, दुसऱ्या शब्दात एस आणि सी मोठे. समोर एक्सएमएलचा ढीग आला तर सेन-एअरस्कॅन हे पॅकेज टाका आणि स्कॅन करून बघा. मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूएसडी पद्धतही त्याला येते. डेबियनमध्ये ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, विनाड्रायव्हर स्कॅनिंगची ही सोय आहे. तसं झालं तर सुंठीवाचून खोकला गेला. हा लेख इथेच बंद केलात तरी चालेल.

तसं नसेल तर सेन प्रकल्पाची चालणाऱ्या मशीनची यादी बघा. लिनक्सवरचं जवळपास सगळं स्कॅनिंग सेनमधून जातं. एकेका जातीच्या मशीनशी बोलणारा जो तुकडा असतो त्याला तिथे बॅकएंड म्हणतात. यादीत फक्त आपल्या मशीनचं नाव शोधून थांबू नका, त्याची भावंडंही शोधा. एकाच कारखान्यातलं मशीन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. 'झेरॉक्स एमएफपी' हा बॅकएंड घ्या: नाव झेरॉक्सचं असलं तरी तो सॅमसंगची कितीतरी मशीन आणि डेलच्या नावाने विकलेली काही मशीनही चालवतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'टीसीपी' आणि पुढे मशीनचा पत्ता एवढी एक ओळ घातली की काही वेळा काम भागतं. माझं भागलं नाही, पण ते बघायला दहाच मिनिटं गेली.

दुसरी पायरी: मशीन आणि विंडोज काय बोलतात ते पकडा

कंपनीचा विंडोज ड्रायव्हर हा तुमचा गुरू. तो न बोलता शिकवतो, आपण चोरून ऐकायचं. लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीनवर विंडोज टाका, त्यात कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि बाहेर लिनक्सवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम, चालू ठेवा. विंडोजचा दुसरा कॉम्प्युटर वापरणार असाल तर वायरशार्क त्याच कॉम्प्युटरवर हवं, कारण स्विच दुसऱ्यांची पॅकेट तुमच्याकडे पाठवत नाही.

व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क 'ब्रिज्ड' करा, म्हणजे ते घरच्या नेटवर्कवर वेगळ्या कॉम्प्युटरसारखं दिसेल. मी ते 'नॅट'वर, म्हणजे लिनक्सच्या पत्त्याआड लपवून, ठेवलं होतं आणि विंडोज दोन संध्याकाळ 'स्कॅनर सापडला नाही' म्हणत राहिलं. कारण असं, की स्कॅनरची शोधाशोध बहुतेक वेळा ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्टने, म्हणजे एकदम अनेकांना हाक मारून, होते, आणि ती हाक नॅटच्या भिंतीपलीकडे जात नाही. ईएससीएलवाली मशीन यूडीपीच्या (जोडणी न करता सुटे निरोप पाठवायची पद्धत) ५३५३ पोर्टवर एमडीएनएसने ओळख देतात, डब्ल्यूएसडी ३७०२ वर हाक मारते, कॅननची बीजेएनपी ८६१२ वर. तुमच्या मशीनचा पोर्ट भलताच निघाला तरी गोंधळू नका. शोध यूडीपीवर आणि खरं काम टीसीपीवर, ही जोडी फार ठिकाणी दिसते.

आणखी एक गोष्ट इथेच ओळखून ठेवा: संवाद कोण सुरू करतं? बऱ्याच मशीनमध्ये कॉम्प्युटर मागतो आणि मशीन देतं. काहींत उलटं असतं. डेल १६००एनच्या बॅकएंडमध्ये कॉम्प्युटर आधी मशीनकडे आपलं नाव नोंदवतो आणि थांबतो. माणसाने मशीनपाशी जाऊन पडद्यावर ते नाव निवडून बटण दाबायचं, मग चित्र येतं. अशा मशीनला 'स्कॅन कर' ही आज्ञा शोधत बसाल तर ती सापडणारच नाही.

स्कॅन करायला काय ठेवायचं यालाही महत्त्व आहे. हाताशी असलेलं आधार कार्ड ठेवू नका. पकडलेल्या फाइलमध्ये पूर्ण चित्र असतं, आणि पुढे ती फाइल तुम्ही मदतीसाठी चारचौघांत टाकणार आहात. मी एक कोरा ए४ कागद घेतला, वर डाव्या कोपऱ्यात जाड मार्करने 'श्री' लिहिलं आणि खाली उजवीकडे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके काढले. 'श्री' उलटं दिसलं की चित्र आरशात आहे, खाली गेलं की डोक्यावर आहे, आणि ठिपके रंगांचा क्रम सांगतात. तीन महिने तोच कागद पुरला.

तिसरी पायरी: फरकांची वही

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पहिल्यांदा पॅकेट उघडली की नुसते आकडे दिसतात आणि छाती दडपते. प्रत्येक बाइटचा अर्थ लावायला बसू नका. एकच सेटिंग ठेवून दोनदा स्कॅन करा आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघा. जे बाइट दोन्ही वेळा वेगळे आले ते बहुधा मोजणीचे, वेळेचे किंवा सत्राच्या क्रमांकाचे. त्यांच्यावर वहीत खूण करून ठेवा. नाहीतर पुढे प्रत्येक तुलनेत ते आडवे येतात.

त्यानंतर दर वेळी एकच गोष्ट बदला. मी आधी रिझोल्यूशन घेतलं, म्हणजे एका इंचात किती ठिपके (डीपीआय). १५० वर स्कॅन केलं तेव्हा आज्ञेत एका जागी '०० ९६' होतं. ६०० वर त्याच जागी '०२ ५८' आलं. हे आकडे सोळाच्या पायातले आहेत: नऊ गुणिले सोळा एकशे चव्वेचाळीस आणि सहा मिळून दीडशे. दुसऱ्यात दोन गुणिले २५६, पाच गुणिले सोळा आणि वर आठ: ५१२ अधिक ८० अधिक ८, बरोबर सहाशे. हे जुळलं त्या रात्री मी उगाचच उठून चहा केला. तुमच्याकडे ते '५८ ०२' असं उलटं दिसलं तर मशीन लहान बाइट आधी पाठवतंय, ज्याला लिटल एंडियन म्हणतात. एका आकड्यावरून क्रम कळला की बाकीचेही बहुधा तसेच असतात, पण 'बहुधा' हा शब्द वहीत तसाच लिहून ठेवा. एकाच आज्ञेत दोन्ही पद्धती वापरणारे महाभागही असतात.

कागदाच्या मापाचे आकडे थोडे फसवे असतात. ए४ची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला २४८० पिक्सेल. आज्ञेत २४८० दिसलं म्हणून लगेच 'हे पिक्सेल' असं ठरवू नका. माप तेच ठेवून रिझोल्यूशन बदला. आकडा बदलला तर पिक्सेल. नाही बदलला तर ते इंचाचा तीनशेवा भाग हे एकक आहे, ईएससीएलमध्येही तेच असतं. ९९२१ दिसलं तर एकक इंचाचा बाराशेवा भाग.

मग रंगीत की राखाडी, काच की वरचा फीडर, जेपेग की कच्चा डेटा, असं एकेक उलगडत जा. मुद्दाम चुकाही करा: फीडरमध्ये कागद न ठेवता स्कॅन करा, झाकण उघडं ठेवा, स्कॅन मध्येच रद्द करा. त्या वेळची उत्तरं आत्ताच पकडली नाहीत तर पुढे तुमचा ड्रायव्हर कागद संपला की नुसता लटकून बसेल.

चौथी पायरी: आधी पायथन, सेन नंतर

थेट सी मध्ये बॅकएंड लिहायला घेऊ नका. शंभर-दीडशे ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहा: जोडणी, आज्ञा, डेटा फाइलमध्ये. अंदाज चुकला की दोन मिनिटांत बदलता येतो.

नवख्यांची ठरलेली चूक इथे होते. वायरशार्कमध्ये एक संदेश एका पॅकेटमध्ये दिसतो, म्हणून आपण समजतो की सॉकेटमधून एकदा वाचलं की एक संदेश मिळेल. टीसीपीला संदेश वगैरे काही कळत नाही, त्याच्या लेखी ते नळाचं पाणी आहे. ८ बाइटांचं हेडर (संदेशाच्या सुरुवातीचा माहितीचा तुकडा) मागितलंत तर कधी ५ येतील आणि उरलेले ३ पुढच्या खेपेला. त्यामुळे 'इतके बाइट पूर्ण होईपर्यंत वाचत राहा' असं एक छोटं फंक्शन पहिल्याच दिवशी लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. माझी स्क्रिप्ट केबलवर नीट चालायची आणि वायफायवर अधूनमधून कोसळायची. आठवडाभर मी राउटरला शिव्या घातल्या. चूक ही होती.

दुसरी काळजी निरोप घेण्याची. यूएसबीचा स्कॅनर तुमच्या एकट्याचा असतो, नेटवर्कवरचा सगळ्यांचा. सत्र उघडलं की बरीच मशीन स्वतःला कुलूप लावून घेतात. मी स्क्रिप्टला मध्येच कंट्रोल-सी मारलं, आणि मशीनच्या पडद्यावर 'स्कॅन चालू आहे' तसंच राहिलं. तेवढ्यात बायकोला मुलाच्या शाळेचा फॉर्म छापायचा होता. मशीन बंद करून चालू केलं, पण त्या दिवसापासून घरात 'तुझा प्रयोग संपला का?' असं आधी विचारूनच प्रिंट दिली जाते. काहीही बिघडलं तरी 'रद्द' आणि 'सत्र सोड' या दोन आज्ञा गेल्याच पाहिजेत, अशी रचना करा. प्रत्येक वाचनाला कालमर्यादाही घाला. फक्त ती फार कमी ठेवू नका: थंड पडलेल्या मशीनला दिवा गरम करायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते काहीच बोलत नाही.

शोधाची हाक पाठवून उत्तर येत नसेल तर फायरवॉल बघा. हाक ब्रॉडकास्ट पत्त्यावर जाते, पण उत्तर मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावरून येतं. फायरवॉलला दोघांचा संबंध लागत नाही आणि ते उत्तर दारातच अडतं. म्हणून आपोआप शोधाबरोबरच कॉन्फिग फाइलमध्ये हाताने पत्ता लिहायची सोय ठेवाच. दुसऱ्या सबनेटमध्ये मशीन असलेल्या ऑफिसांना तर त्याशिवाय मार्गच नाही.

पाचवी पायरी: बिघडलेलं चित्र वाचणं

पहिलं चित्र बरोबर येत नाही. पण ते कसं बिघडलंय यावरून काय चुकलंय ते कळतं.

चित्र शिवणीत सरकलेल्या कापडासारखं तिरपं गेलं असेल तर ओळीची लांबी चुकली आहे. २४८० पिक्सेलची ओळ मशीन बरेचदा सोयीच्या आकड्यापर्यंत भरून पाठवतं, समजा २४९६. ते जास्तीचे सोळा पिक्सेल दर ओळीला फेकून द्यायचे. नेमके किती ते चित्रातच मोजता येतं: शंभर ओळींत रेघ जितकी सरकली त्याला शंभराने भागा.

एकाच कागदाच्या तीन चिंचोळ्या, करड्या प्रती शेजारीशेजारी दिसल्या तर मशीन आधी पूर्ण ओळीचा लाल, मग हिरवा, मग निळा पाठवतंय आणि तुम्ही ते पिक्सेलगणिक वाचताय. लाल ठिपका निळा झाला तर फक्त क्रम उलटा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये सगळं निगेटिव्हसारखं आलं तर बिट उलटे करा. सेनमध्ये १ म्हणजे काळा आणि ० म्हणजे पांढरा.

जेपेगला वैतागू नका. ए४चं ३०० डीपीआय रंगीत चित्र कच्चं घेतलं तर २,६०,९९,५२० बाइट होतात, म्हणून बरीच मशीन ते दाबून पाठवतात. फाइलमध्ये 'एफएफ डी८' हे दोन बाइट शोधा, जेपेग तिथून सुरू होतं. काही मशीन मात्र दर काही किलोबाइटला मध्येच आपलं छोटं हेडर घुसवतात. ते काढून टाकलं नाही तर वरचं अर्धं चित्र छान आणि खाली रंगीत चिंध्या.

सहावी पायरी: सेनचा साचा

आता सी. सेनच्या बॅकएंडला ठरलेली डझनभर फंक्शन लागतात: इनिट, गेट-डिव्हाइसेस, ओपन, कंट्रोल-ऑप्शन, गेट-पॅरामीटर्स, स्टार्ट, रीड, कॅन्सल, क्लोज वगैरे. पायथनमध्ये जमलेलं काम या खणांमध्ये वाटून ठेवायचं. आतल्या एखाद्या लहान नेटवर्क बॅकएंडची फाइल उघडून तिच्या सांगाड्यावरून सुरुवात करणं हाच रिवाज आहे, त्यात कमीपणा नाही.

ठेच लागते अशा जागा तेवढ्या सांगतो. पर्यायांच्या यादीतला शून्यावा पर्याय हा एकूण पर्यायांची संख्या असतो, तो विसरला की समोरचा प्रोग्रॅम कोरी खिडकी दाखवतो. मापं मिलिमीटरमध्ये आणि स्थिर-बिंदू आकड्यांत द्यायची, १ मिलिमीटर म्हणजे ६५,५३६; त्यामुळे २१० मिलिमीटर हे १,३७,६२,५६० असं दिसतं आणि पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो. फीडरमधून येणाऱ्या कागदाची लांबी आधी माहीत नसेल तर ओळींच्या जागी उणे एक द्या, अंदाज ठोकू नका. रीडमध्ये मागितल्यापेक्षा कमी बाइट दिले तरी चालतात, जास्त मात्र कधीच नाही. पान संपल्याचं कळवणं वेगळं आणि फीडर रिकामा झाल्याचं कळवणं वेगळं. दुसरं नीट कळवलं नाही तर दहा पानांचा गठ्ठा स्कॅन करणारा प्रोग्रॅम अकरावं पान मागतच राहतो.

तपासायला सेनचं सगळं झाड बांधायची गरज नाही. बॅकएंड वेगळी लायब्ररी म्हणून बांधा, तिचं नाव कॉन्फिगच्या 'डीएलएल.डी' फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिहा आणि 'स्कॅनइमेज -एल' चालवा, यातला एल मोठा. यादीत मशीन दिसलं की अर्धी लढाई जिंकली. 'सेन_डीबग_' आणि पुढे बॅकएंडचं नाव असा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आकड्यासकट दिला की तुमचे संदेश पडद्यावर येतात. हे संदेश भरपूर लिहा. उद्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवर ड्रायव्हर अडला तर तुमच्याकडे दुसरं साधनच नसेल.

सातवी पायरी: जगासमोर ठेवणं

भारतात कायद्याची थोडी तरी माहिती हवी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ च्या पहिल्या उपकलमातला 'एबी' खंड, १९९९ च्या दुरुस्तीने आलेला, हा कायदेशीररीत्या जवळ असलेल्या प्रोग्रॅमबद्दल आहे. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवायची मुभा तो देतो. मी वकील नाही. पण माझा नियम साधा आहे: आपलं मशीन, आपलं नेटवर्क, आणि फक्त तारेवरून गेलेले बाइट. कंपनीच्या ड्रायव्हरमधली एकही ओळ, फर्मवेअर किंवा चित्र आपल्या भांडारात ठेवायचं नाही.

सेनचा सोर्स गिटलॅबवर आहे. तिथे मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा कोड आत घ्या' अशी विनंती, टाकताना नुसता कोड पुरत नाही: मॅन-पान (टर्मिनलवर वाचायचं माहितीपत्रक) लागतं, कॉन्फिग फाइल लागते आणि कोणतं मशीन कितपत चालतं ते सांगणारी वर्णनाची फाइलही लागते. त्या फाइलमध्ये प्रामाणिक राहा. मी फक्त काच आणि एकाच बाजूचा फीडर तपासला होता, तेवढंच लिहिलं. परवाना सेनचाच ठेवा, म्हणजे जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आणि त्याला जोडलेली सेनची खास सूट. तुमची फरकांची वहीही नीट टाइप करून कोडबरोबर द्या. बॅकएंडमधल्या '०२ ५८'चा अर्थ सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.

ड्रायव्हर आत गेला म्हणून मशीन भंगारात देऊ नका. त्याच कुळातल्या दुसऱ्या मॉडेलचे लोक पकडलेल्या फाइली घेऊन येतात, आणि त्यांच्यासाठी केलेला बदल तुमच्या मॉडेलवर चालतो की नाही हे तपासायला दुसरं मशीन कुणाकडेच नसतं. माझं आता शू-रॅकवर बसलंय. टोनर संपलाय, पण स्कॅनरला टोनर लागत नाही. 'श्री' लिहिलेला कागद झाकणाखालीच ठेवलाय.